फॉरमॅट न मारता लॅपटॉप सुरू करून देणारं शाहूपुरीतलं दुकान

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं लहानसं मशीन शॉप आहे. दोन व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारी मिलिंग मशीनं), एक जुनं मिलिंग, एक ड्रिलिंग आणि चार माणसं. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून देतो. पंपाचे आणि व्हॉल्व्हचे भाग जास्त. ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यातली काचेची खोली आणि त्या खोलीत एक लॅपटॉप. अकरा वर्षांची ड्रॉइंग, प्रत्येक जॉबचे सीएनसी प्रोग्राम, टॅली, पार्ट्यांची चलनं, सगळं त्या एका लॅपटॉपमध्ये. मागच्या महिन्याच्या ९ तारखेला रात्री तो सुरू व्हायचा थांबला. ११ तारखेला जीएसटीआर-१ (जीएसटीचा विक्रीचा रिटर्न) भरायचा होता आणि १० ला सकाळी एका पार्टीचा माल सुटायचा होता. शेवटचा बॅकअप सात महिन्यांपूर्वीचा.

त्या दोन दिवसांत मला दोन प्रकारचं काम बघायला मिळालं. त्यातलं जे चांगलं होतं त्याबद्दल सविस्तर लिहावं असं मनापासून वाटलं, म्हणून हे लिहितोय. दुकानाचं नाव टाकत नाही. दुकान चालवणाऱ्या ताईंना विचारलं होतं, त्या म्हणाल्या, "नाव नको काका, आधीच फोन उचलायला होत नाही." पत्ता समजेल एवढं शेवटी सांगतो.

आधी काय झालं ते. जुन्या मिलिंग मशीनला स्टेपर मोटारी बसवून ते कॉम्प्युटरवर चालवावं, असं दोन वर्षं डोक्यात होतं. त्यासाठी लिनक्ससीएनसी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते डेबियन नावाच्या लिनक्ससोबत एकत्र मिळतं (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत यंत्रणा). पोरगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आला तेव्हा त्याने ऑफिसच्या लॅपटॉपवर विंडोज तसंच ठेवून शेजारी डेबियन टाकून दिलं. लॅपटॉप चालू केला की काळ्या पडद्यावर यादी यायची, त्यातून कुठलं उघडायचं ते निवडायचं. ती यादी दाखवणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामला ग्रब म्हणतात. पण लिनक्ससीएनसीमध्ये लेटन्सी टेस्ट म्हणून एक तपासणी असते, म्हणजे कॉम्प्युटर मोटारीला पल्स वेळेवर देतो की मध्येच अडखळतो ते मोजायचं. माझा लॅपटॉप मधूनच १०० मायक्रोसेकंदांच्या वर उडी मारत होता. लॅपटॉपमध्ये वीज वाचवायच्या ज्या यंत्रणा असतात त्यामुळे असं होतं, हे नंतर वाचलं. या कामाला लॅपटॉप घेऊ नये, जुना डेस्कटॉप बरा. तसा एक डेस्कटॉप पॅरलल पोर्टसकट मिळाला आणि लॅपटॉपवरच्या लिनक्सचं काम संपलं.

मग ९ तारखेला रात्री नऊच्या सुमाराला, शिफ्ट सुटल्यावर, मी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये गेलो आणि लिनक्सची दोन्ही पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे वेगळे पाडलेले कप्पे, डिलीट केली. १०० जीबी जागा मोकळी दिसली. रीस्टार्ट मारला.

विंडोज आलं नाही. काळा पडदा, वर बारीक अक्षरात 'जीएनयू ग्रब व्हर्जन २.०६', खाली इंग्रजीत दोन ओळी आणि त्याच्याखाली 'ग्रब' हा शब्द, पुढे लुकलुकणारी रेघ. पाच वेळा बंद-चालू केला, पाचही वेळा तेच. पोराला फोन लावला तर त्याची परीक्षा, फोन बंद. मला त्या रात्री झोप आली नाही. ऑपरेटरला दुसऱ्या दिवशी जो प्रोग्राम लावायचा होता तो मशीनच्या मेमरीत होता म्हणून तेवढं निभावलं, पण बाकीच्या तीन-चारशे जॉबचे प्रोग्राम? एकेक प्रोग्राम लिहून, चालवून, पहिला पीस मोजून, ऑफसेट दुरुस्त करून बसवलेला असतो. तो परत लिहायचा म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

१० तारखेला सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी एका ठिकाणी जाऊन उभा राहिलो. ते कुठलं ते सांगत नाही. तिथल्या माणसाने पेन ड्राइव्ह लावला, काळ्या खिडकीत 'बूटरेक' ने सुरू होणाऱ्या दोन-तीन आज्ञा दिल्या, त्यातल्या एकीला 'ॲक्सेस इज डिनाइड' असं उत्तर आलं. मग त्याने बायॉसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या सुरू व्हायच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन काहीतरी बदललं. त्यानंतर तर ग्रबची अक्षरंही गेली आणि 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढंच येऊ लागलं. दोन तासांनी तो म्हणाला, "मालक, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावा लागंल. विंडोजचे पंधराशे, आणि डेटा पाहिजे आसंल तर चार हजार वेगळे. पण गॅरंटी न्हाई हां." मी विचारलं, डेटा गेलाय की नाही ते तरी बघून सांगा. "ते फॉरमॅट करतानाच कळतंय," म्हणाला. तपासणीचे ३०० रुपये दिले आणि लॅपटॉप उचलला. फॉरमॅट करताना डेटा आहे की नाही ते कळतं, हे वाक्य मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नसतानाही पटलं नाही. जॉब मोजायच्या आधी कटर लावत नाहीत.

शाहूपुरीतल्या दुकानाचं आमच्या पॅटर्नवाल्याने (कास्टिंगचे नमुने करणाऱ्याने) सांगितलं. व्हीनस कॉर्नरकडून आत शिरल्यावर एका शिलाईच्या दुकानावर पहिला मजला. जिना अरुंद आहे. वर एक खोली, दोन लांब टेबलं, भिंतीला फळ्या, आणि सगळ्या फळ्या छातीच्या वर. मी त्याकडे बघतोय हे पाहून ताई म्हणाल्या, २०१९ ला त्या खाली रस्त्यालगतच्या गाळ्यात होत्या, पुराचं पाणी आत आलं. गिऱ्हाइकांच्या डिस्का वाळवून त्यातला डेटा काढता काढता हे काम शिकलो, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून वरच्या मजल्यावर, आणि जमिनीवर काही ठेवायचं नाही. वय पस्तिशीच्या आसपास असेल. पक्क्या कोल्हापुरी, म्हणजे स्वतःबद्दल बोलताना 'मी बघतो', 'मी करतो' असंच म्हणतात. माझी आईही तसंच बोलायची. का कोण जाणे, तेवढ्यानेच जरा धीर आला.

लॅपटॉप हातात घेतल्यावर त्यांनी तो चालू केला नाही. आधी तीन प्रश्न विचारले, आणि हे तीन प्रश्न मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

पहिला, "काल शेवटचं विंडोज बंद केलं तेव्हा शटडाउन केलंत का रीस्टार्ट?" मी म्हणालो रीस्टार्ट. "बरं झालं." विंडोज शटडाउन केल्यावर पूर्ण बंद होत नाही, पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून डिस्क अर्धवट झोपलेल्या अवस्थेत सोडतं. त्या अवस्थेत बाहेरून डिस्कवर काही लिहिलं तर घोटाळा होऊ शकतो. रीस्टार्टला तसं होत नाही.

दुसरा, "बिटलॉकर हाय का?" मला तो शब्दच माहीत नव्हता. त्यांनी समजावलं की नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज आपोआप डिस्कला कुलूप लावून ठेवतं, आणि बूटच्या सेटिंगला हात लावला की निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागतं. ती किल्ली बहुतेक वेळा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला त्या खात्यात जमा असते. ती हातात असल्याशिवाय काही बदलायचं नाही. पोराला मेसेज टाकला. एव्हाना तो पेपर देऊन बाहेर आला होता. त्याने सांगितलं, डेबियन टाकताना जागा कापता यावी म्हणून बिटलॉकर तेव्हाच काढून टाकलाय. आमच्या बाबतीत हे सोपं झालं. पण पहिल्या ठिकाणी हे कुणी विचारलं नव्हतं आणि तरी बायॉस बदलला होता.

तिसरा, "डिलीट करताना किती पार्टिशनं उडवली? दोन का तीन? एखादं लहान, दोनशे-तीनशे एमबीचं उडवलंय का?" मी दोनच म्हणालो. "नक्की?" नक्की.

मग त्या म्हणाल्या, "आता मी काय दुरुस्त करत नाही. आधी तुमचा माल हाय का बघतो."

त्यांनी एक पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर लिनक्स आलं, डिस्कवर न टाकता नुसतं पेन ड्राइव्हवरून चालणारं. जे काढून टाकल्यामुळे हा सगळा घोळ झाला त्यानेच माझी डिस्क उघडली. त्यांनी ती फक्त वाचायच्या परवानगीने उघडली आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "बघा काका, कुठं ठेवता तुम्ही?" डी ड्राइव्ह नाही, सगळं सी मध्येच. यूजरचं फोल्डर, त्यात 'जॉब', त्यात पार्टीवार फोल्डर. एक प्रोग्राम उघडून दाखवा म्हणालो. उघडला. पहिल्या ओळीत ओ-क्रमांक (प्रोग्रामचा नंबर), खाली माझ्याच कंसातल्या टिपा, 'फिक्श्चर उलटं लावू नये'. मग टॅलीचं फोल्डर. सगळं जागच्या जागी होतं. माझे हात थरथरत होते. त्या काही बोलल्या नाहीत, मागून पाण्याची बाटली पुढे केली.

त्यानंतरही त्यांनी लगेच दुरुस्तीला हात घातला नाही. माझी बाहेरची हार्ड डिस्क मागितली, मी सोबत नेली होती. ३८ जीबी कॉपी व्हायला अर्धा तास गेला. कॉपी झाल्यावर त्यांनी माझ्याकडूनच त्यातल्या पाच-सहा फायली उघडवून घेतल्या. "आता लॅपटॉप इथनं खाली पडला तरी तुमचं काम अडत नाही," असं म्हणून मग बायॉस उघडला. माझ्या मते या दुकानाची खरी किंमत या अर्ध्या तासात आहे. पुढचं सगळं हुशारीचं काम होतं आणि तेही त्यांनी उत्तम केलं, पण आधी गिऱ्हाइकाचा माल सुरक्षित करायचा आणि तो त्याच्या डोळ्यांनी त्याला दाखवायचा, हे मला आधी कुठे दिसलं नव्हतं.

बायॉसमध्ये पहिल्या ठिकाणी केलेला बदल त्यांना लगेच सापडला. माझा लॅपटॉप यूईएफआय पद्धतीने सुरू होणारा, तो 'लेगसी' म्हणजे जुन्या पद्धतीवर टाकला होता. जुन्या पद्धतीत कॉम्प्युटर डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत बघतो, त्यातल्या ४४६ बाइटांत सुरू व्हायचा कोड असतो. याच जागेला एमबीआर म्हणतात, 'बूटरेक'ने एमबीआर दुरुस्त करायची ती आज्ञा त्या जागेसाठी. नव्या पद्धतीत ती जागा वापरातच नाही. तिथे एक लहान पार्टिशन असतं, माझ्याकडचं २६० एमबीचं, फॅट-३२ या फायली मांडायच्या पद्धतीत. त्यात विंडोजचं एक फोल्डर आणि लिनक्सचं एक फोल्डर. कुठल्या फोल्डरमधली फाइल आधी चालवायची याची यादी मदरबोर्डच्या मेमरीत असते, डिस्कवर नसते. म्हणजे पहिल्या दुकानदाराने भलत्याच जागी दुरुस्ती केली आणि वर कॉम्प्युटरला योग्य जागा बघायचीच बंद करून टाकली.

त्यांनी पुन्हा यूईएफआय केलं, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीच्या फायली चालू देणारी सोय) पूर्वीसारखं चालू केलं, रीस्टार्ट. परत ग्रबची काळी खिडकी आली. मी दचकलो. त्या म्हणाल्या, "हे चांगलंय, आता बघा." बंद करून चालू करताना एफ-१२ दाबलं. एक छोटी यादी आली. वर 'डेबियन', त्याखाली 'विंडोज बूट मॅनेजर'. दुसऱ्यावर एंटर मारलं.

विंडोज उघडलं. माझ्या नातीचा फोटो आला पडद्यावर.

पाच मिनिटंही झाली नव्हती. विंडोज कुठेच गेलं नव्हतं. मी आदल्या रात्रीपासून जेवलो नव्हतो, पहिल्या दुकानात साडेपाच हजार द्यायची मनाची तयारी झाली होती, आणि विंडोज तिथेच होतं, यादीत दुसऱ्या नंबरवर. त्यांनी आणखी एक सांगितलं: पहिल्या रात्री त्या ग्रबच्या पुढे 'एक्झिट' टाइप करून एंटर मारला असता तरी पुष्कळ लॅपटॉप यादीतल्या पुढच्या नावावर जातात. कदाचित तेव्हाच उघडलं असतं. माझ्यासारखं कुणी आत्ता त्या काळ्या पडद्यासमोर बसलं असेल तर आधी हे करून बघा, मग एफ-१२. कंपनीप्रमाणे ते बटण वेगळं असतं, काहींमध्ये एफ-९, काहींमध्ये एस्केप.

मी विचारलं, मग हे झालं का? तेव्हा त्यांनी माझा धंदा विचारला आणि माझ्याच भाषेत सांगितलं. भाऊ एमआयडीसीत सीएनसीवर आहे म्हणाल्या, त्यामुळे शब्द माहीत होते. "मेन प्रोग्राममध्ये एम-९८ नं सब-प्रोग्राम बोलवलाय, आणि तो सब-प्रोग्रामच तुम्ही मेमरीतनं उडवलाय. मशीन काय करंल?" अलार्म देईल. "मशीन बिघडलं का?" नाही. ग्रबची सुरुवातीची फाइल त्या २६० एमबीच्या पार्टिशनमध्ये शाबूत होती, कारण ते मी डिलीट केलंच नव्हतं. मदरबोर्डच्या यादीत तिचं नाव पहिलं होतं, म्हणून ती चालायची. पण तिला पुढचं वाचायचं होतं ते लिनक्सच्या पार्टिशनमधून, ते मी उडवलं होतं. म्हणून ती तिथेच थांबून, काय करू, असं विचारत बसली होती. मला हे इतकं स्वच्छ समजलं की घरी येऊन बायकोलाही समजावून सांगता आलं.

कायमचा बंदोबस्त पुढच्या पंधरा मिनिटांत झाला. विंडोजमध्येच काळी खिडकी उघडून त्यांनी ते लपलेलं पार्टिशन तात्पुरतं एस ड्राइव्ह म्हणून दिसतं केलं, त्यातली फोल्डर मला दाखवली, आणि फक्त डेबियनचं फोल्डर काढलं. मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरला हात लावू नये, हे दोनदा सांगितलं. मग बीसीडीएडिट नावाच्या आज्ञेने मदरबोर्डच्या यादीतून डेबियनचं नाव पुसलं आणि विंडोज पहिलं केलं. तीन वेळा रीस्टार्ट, एकदा पूर्ण बंद करून चार्जर काढून पुन्हा चालू. चारही वेळा सरळ विंडोज.

मोकळी १०० जीबी सी ड्राइव्हला जोडली. मी म्हणालो, तिथे बॅकअपसाठी डी करूया का? "एकाच डिस्कवरचा बॅकअप म्हणजे बॅकअप नव्हे काका. डिस्क गेली की दोन्ही जाणार." बरोबर आहे.

एक गोष्ट मी सांगितलीही नव्हती, ती त्यांनीच पाहिली: घड्याळ. ऑफिसच्या लॅपटॉपचं घड्याळ दिवाळीपासून अधूनमधून साडेपाच तास मागे जायचं. सकाळी दहाला चालू केला की साडेचार दाखवायचा. मी आपलं हाताने नीट करायचो आणि सेल संपला असेल म्हणून सोडून द्यायचो. कारण असं की लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच वेळ इथली समजून वाचतं. भारताचा फरक साडेपाच तासांचा, म्हणून बरोबर तेवढाच फरक पडायचा. आता लिनक्स नाही, त्यामुळे एकदा वेळ जुळवली की संपलं. महिना झाला, घड्याळ हललेलं नाही.

मी बसलेलो असताना शेजारच्या टेबलावर एका कॉलेजच्या मुलाचा लॅपटॉप होता. त्याने लिनक्स काढताना ते लहान पार्टिशनही 'हे कशाला' म्हणून उडवलं होतं. त्यामुळे एफ-१२ च्या यादीत काहीच येत नव्हतं. तिसरा प्रश्न मला दोनदा का विचारला ते तेव्हा कळलं. त्याचंही विंडोज आणि डेटा शाबूत होता, फक्त दार नव्हतं. त्यांनी विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून डिस्कपार्ट उघडलं, लिनक्सच्या रिकाम्या जागेत तसंच लहान, ईएफआय नावाचं नवीन पार्टिशन केलं, फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलं, आणि बीसीडीबूट या आज्ञेने त्याच्या सी ड्राइव्हमधूनच सुरू व्हायच्या फायली तिथे लिहून घेतल्या. तोही फॉरमॅट न मारता सुरू झाला. पोरगं उड्या मारत जिना उतरलं.

असे लॅपटॉप हल्ली वाढलेत असं त्या म्हणाल्या. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. पुष्कळ जुने लॅपटॉप विंडोज ११ घेत नाहीत. मग लोक लिनक्स टाकून बघतात, काहींना जमतं, काहींना नाही, आणि काढताना माझ्यासारखं होतं. काढायचा योग्य क्रम त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिला, तो मी ऑफिसच्या काचेवर चिकटवलाय. आधी बिटलॉकरची किल्ली बघून ठेवा. मग बायॉसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर आणा आणि ग्रब न दिसता विंडोज सरळ उघडतं का ते दोनदा तपासा. ते जमलं तरच लिनक्सची पार्टिशनं काढा. लहान फॅट-३२ ला हात लावू नका. माझ्याकडून क्रम उलटा झाला होता, एवढीच चूक.

पैसे घेतले ४५०. पहिल्या ठिकाणी नुसत्या तपासणीचे ३०० आणि वर साडेपाच हजारांचा अंदाज. मी पाचशे देऊन राहू दे म्हणालो, त्यांनी पन्नास परत केले.

आता उणिवा. पक्कं जीएसटी बिल मिळत नाही. सेवेचा धंदा वर्षाला २० लाखांच्या आत असला तर नोंदणी लागत नाही, त्यामुळे त्यांचं चुकत नाही, पण ज्यांना बिल लागतं त्यांनी हे धरून चालावं. साध्या कागदावर काय काय केलं ते लिहून सही करून देतात, ते मात्र पुष्कळ पक्क्या बिलांपेक्षा जास्त उपयोगी आहे. फोन खरंच उचलत नाहीत, दोन दिवस लावला तरी नाही. बसायला दोनच स्टूल, पंखा एक, आणि दुपारी पत्रा तापतो. जिना वयस्कर माणसाला त्रासाचा आहे. माझ्यासमोर एक आजोबा डेस्कटॉप घेऊन अर्ध्यात थांबले होते, ताई स्वतः खाली जाऊन घेऊन आल्या. गाडी लावायला जागा नाही. आणि गर्दी असेल तर त्या सरळ "उद्या या" म्हणतात. माझं काम त्याच दिवशी झालं कारण ११ तारखेची अडचण सांगितली तेव्हा आधीच्या दोघांनी आपणहून नंबर सोडला. त्यातला एक गूळ मार्केटमधला अडत्या होता. त्याने नुसतं, "रिटर्न हाय व्हय? मग आधी तुमचं होऊ दे," म्हटलं. त्या दोघांचेही मी इथे आभार मानतो, नावं माहीत नाहीत.

११ तारखेला दुपारी सीएंकडे टॅलीचा डेटा गेला, संध्याकाळी जीएसटीआर-१ भरला. आदल्या दिवशीचा माल थोडा उशिरा, पण त्याच दिवशी सुटला होता. आता दर शनिवारी शिफ्ट सुटल्यावर बाहेरच्या डिस्कवर कॉपी होते, आणि ती डिस्क मी घरी नेतो. शेडमध्ये ठेवत नाही.

जायचं असेल तर व्हीनस कॉर्नरकडून आत वळा आणि शिलाईच्या दुकानात "वरच्या कॉम्प्युटरवाल्या ताई" एवढं विचारा, ते जिना दाखवतात. सकाळी अकरानंतर उघडतं, मंगळवारी बंद. लॅपटॉपसोबत चार्जर, बाहेरची हार्ड डिस्क आणि ज्या ईमेलवर लॅपटॉप सुरू केला होता त्याचा पासवर्ड घेऊन जा. आणि जाण्याआधी दुसऱ्या कुणाला बायॉसला हात लावू देऊ नका.